महाविद्यालयात लेखनाचा उपक्रम चालवताना: आधी तपासणीचे तास मोजा

जूनमध्ये प्राचार्यांच्या दालनातून बाहेर पडताना हातात एक कागद येतो: ‘लेखन कौशल्य उपक्रम, समन्वयक’, आणि त्यापुढे तुमचं नाव. बहुतेक नवे समन्वयक त्याच आठवड्यात दोन कामं करतात. उद्घाटनाला कोणी साहित्यिक मिळतो का ते पाहतात आणि वर्षभराच्या कार्यशाळांची यादी करतात. ही दोन्ही कामं दिवाळीनंतर केली तरी बिघडत नाही. पहिल्या आठवड्यात करायचं काम वेगळंच आहे आणि त्याला कागद, पेन आणि थोडा भागाकार पुरतो.

तासांचं गणित

मुलं लिहायला शिकतात ती लिहून, कोणीतरी ते वाचून, मग पुन्हा लिहून. यातला मधला टप्पा सगळ्यात महाग असतो. ३०० शब्दांचा एक कागद नीट वाचून शेरा द्यायला सरासरी ८ मिनिटं लागतात. ६० मुलांची तुकडी असेल तर ४८० मिनिटं, म्हणजे ८ तास. सत्रात चार लेखनकार्यं आणि प्रत्येकाचे दोन मसुदे ठरवले की ६४ तास. तुकडी १२० ची असेल, आणि भाषेच्या पेपरला अनेक ठिकाणी ती असतेच, तर १२८ तास. १५ आठवड्यांवर वाटले तर आठवड्याला साडेआठ तास नुसत्या वाचनाचे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. हे साडेआठ तास त्यावरचे, घरी नेऊन करायचे.

म्हणून असा आराखडा ऑगस्टमध्येच कोसळतो. पहिला गठ्ठा मनापासून तपासला जातो, दुसऱ्यावर नुसती बरोबरची खूण होते, तिसरा टेबलावरच राहतो. मुलांच्या हे लगेच लक्षात येतं आणि चौथ्या कार्याला ती एकमेकांचं उतरवून आणतात. दोष कोणाच्या निष्ठेत नसतो, तो जूनमधल्या हिशेबात असतो.

कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांची अमेरिकेतली जुनी संघटना, १९४९ साली स्थापन झालेली ‘कॉन्फरन्स ऑन कॉलेज कंपोझिशन अँड कम्युनिकेशन’, सांगते की लेखनाच्या वर्गात २० पेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत, १५ असले तर उत्तम, आणि एका शिक्षकाकडे एका सत्रात एकूण ६० पेक्षा जास्त नसावेत. आपल्याकडे ६० ही एका तुकडीची संख्या. तेव्हा त्यांचा अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. त्यामागचं गणित मात्र उचलावं.

चालण्यासारखा हिशेब असा बसतो. सत्रात तीनच कार्यं. पहिलं निदानासाठी, गुणांविना. ते शेरे न लिहिता फक्त वाचून वेगळं काढायचं, कागदाला २ मिनिटं. दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्याचे दोन-दोन मसुदे. पहिल्या मसुद्याला ३ मिनिटं आणि एकच शेरा, अंतिम मसुद्याला गुणतक्ता धरून ६ मिनिटं. ६० मुलांचे एकूण २० तास होतात, १२० मुलांचे ४०. आठवड्याला पावणेतीन तासांच्या आत बसतं. याहून जास्त करण्याची उमेद असेल तर ती दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

आपल्या हातात काय आहे

संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम बदलता येत नाही. तो विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा विषय. पण नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एईसी (क्षमता संवर्धन अभ्यासक्रम) म्हणून भाषेचा जो पेपर येतो, बहुधा सत्राला २ क्रेडिटचा, त्याचं अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालयाच्या हातात असतं. घटक चाचणी, असाइनमेंट, प्रकल्प यांपैकी काय घ्यायचं याची मोकळीक किती आहे ते आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकात शब्दशः वाचा, कोणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. तुमचा उपक्रम या गुणांमध्ये रुजवायचा. गुणांबाहेरची ‘ऐच्छिक लेखन कार्यशाळा’ पहिल्या दिवशी ८० जणांची असते आणि तिसऱ्या दिवशी ९ जणांची. त्या नऊ जणांना तिची सगळ्यांत कमी गरज असते.

स्वायत्त महाविद्यालयात असाल तर आणखी एक दार उघडं आहे. एका क्रेडिटला तात्त्विक तास १५ आणि प्रात्यक्षिकाचे ३० धरले जातात. २ क्रेडिटपैकी एक प्रात्यक्षिकाचं करून घेतलं तर तुकडीच्या बॅचेस पाडता येतात आणि वर्गात बसून लिहून घेण्याचे तास वेळापत्रकात अधिकृतपणे येतात. अभ्यास मंडळापुढे हा प्रस्ताव नेताना ‘लेखन हे कौशल्य आहे’ वगैरे भूमिका मांडत बसू नका. १५ आठवड्यांचा तक्ता आणि वर्कलोडचा हिशेब ठेवा. चर्चा शेवटी वर्कलोडवरच होते.

पहिल्या वर्षी एकच गोष्ट धरा: एक तर एईसीच्या एका पेपरातलं लेखन, नाही तर लेखन मदत कक्ष, नाही तर एखाद्या विभागाबरोबर विषयातलं लेखन. तिन्ही एकदम सुरू केली की आयक्यूएसीच्या (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) अहवालात तिन्ही दिसतात आणि वर्गात एकही दिसत नाही.

निदान: पहिली ४० मिनिटं

दुसऱ्या आठवड्यात, प्रवेशाची धावपळ थोडी ओसरल्यावर, वर्गात ४० मिनिटांचं लेखन घ्या. विषय मुलांच्या हाताशी असलेला हवा आणि त्यात काहीतरी ठरवावं लागणारा हवा. ‘माझा आवडता सण’ नको. ‘तुमच्या गावातून कॉलेजला येणाऱ्या पहिल्या एसटीची वेळ बदलायची असेल तर कोणती ठेवावी आणि का’ असं काही द्या. मुंबईत लोकल, नाहीतर वर्गाची वेळ. २०० शब्द, मोबाईल बाजूला, नाव नको, फक्त रोल नंबर.

सगळे कागद एका बैठकीत वाचा, पेन न उचलता, आणि तीन ढीग करा. मुद्दा ठरला आहे आणि मांडता आला आहे, हा पहिला. मुद्दा आहे पण वाक्यं त्याला धरून चालत नाहीत, तो दुसरा. मुद्दाच नाही, तो तिसरा. शुद्धलेखनावरून ढीग करू नका. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांनी भरलेला कागद पहिल्या ढिगात जाऊ शकतो आणि एकही चूक नसलेला तिसऱ्यात. हे एकदा स्वतःच्या हातांनी केलं की पुढच्या सगळ्या निर्णयांना दिशा मिळते.

तिसऱ्या ढिगात काय सापडतं ते ओळखीचं असतं. ‘आजच्या आधुनिक युगात’ अशी सुरुवात, मग तीन वाक्यं कोणालाही लागू पडतील अशी, शेवटी सुविचार. ही गाइडची भाषा आहे. दहावी-बारावीत तिला गुण मिळाले, म्हणून ती मुलांना सुरक्षित वाटते. तिच्यावर हसू नका. ती सोडायला सांगायचं तर तिच्या जागी काय ठेवायचं ते दाखवावं लागतं.

आणखी दोन गट दिसतील. घरी मराठी बोलणारी पण इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं: विचार नीट असतो, पण देवनागरी लिहिताना हात अडखळतो, कारण मोबाईलवर त्यांनी मराठी आयुष्यभर रोमन अक्षरांत लिहिलेली असते. यांना वेगळा सराव लागतो, रोज १० ओळी, महिनाभर. दुसरा गट बोलीतून येणाऱ्यांचा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी वळणाची वाक्यं अशुद्ध नसतात. त्यांना नियम आहेत, फक्त ते प्रमाण लेखनाचे नाहीत. अशा मुलाला ‘हे चूक’ म्हटलं की तो लिहिणं आखडता घेतो. ‘हे असं बोलतात, अर्जात हे असं लिहितात’ म्हटलं की दोन्ही त्याच्याकडे राहतात.

लेखनकार्याची पत्रिका

बिघाड सगळ्यात जास्त इथे होतो, म्हणून इथे वेळ घालवा. ‘पर्यावरण प्रदूषण: एक समस्या’ असा विषय फळ्यावर लिहून ‘पुढच्या सोमवारपर्यंत आणा’ म्हटलं तर ६० जणांकडून एकच निबंध येतो. विषयाला वाचक नाही, प्रश्न नाही, सामग्री नाही. मग मूल दुसरं करणार काय?

चांगल्या कार्याची पत्रिका एका पानाची असते आणि तिच्यात इतकं असतं: कोणासाठी लिहायचं, कशासाठी, किती शब्दांत, कोणती सामग्री वापरायची, पहिला आणि अंतिम मसुदा कधी द्यायचा, गुण कशाला. ‘वाचक’ हा भाग बहुतेक जण गाळतात आणि सगळी गंमत तिथेच असते. वाचक ठरला की किती समजावून सांगायचं आणि काय गृहीत धरायचं हे मुलं आपोआप ठरवू लागतात.

काही चालणारे नमुने देतो. कला शाखेला: मुंबई इलाख्याच्या जुन्या जिल्हा गॅझेटियरमधलं आपल्या तालुक्याचं वर्णन वाचा (ते ऑनलाइन मिळतं), आज बदललेली एकच गोष्ट निवडा, आणि ती का बदलली असावी हे आपल्या गावातल्या आठवीच्या मुलाला समजेल असं ३०० शब्दांत लिहा. गॅझेटियरचं मूळ इंग्रजी आहे, तेव्हा उताऱ्याचा मराठी सारांश तुम्ही द्या. वाणिज्य शाखेला: नेहमीच्या दुप्पट आलेल्या वीजबिलाची तक्रार, १५० शब्दांत, मागच्या सहा बिलांच्या आकड्यांचा तक्ता वापरून, तक्ता सगळ्यांना वेगळा द्या. विज्ञान शाखेला: मागच्या आठवड्यात केलेल्या प्रयोगात उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं का आलं, याच्या दोन शक्य कारणांपैकी कोणतं जास्त पटतं आणि कशावरून. या तिन्हीत नेटवरून उतरवायला काही सापडत नाही. कॉपीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय कार्य देतानाच करायचा असतो.

पत्रिका वाटण्यापूर्वी ते कार्य स्वतः लिहून पाहा. ३०० शब्द लिहायला तुम्हाला ५० मिनिटं लागली तर मुलांना दोन तास लागणार. आणि कुठे अडलात, ते पत्रिकेत काय राहिलं याचं उत्तर.

वेळापत्रक आखताना कॅलेंडर शेजारी घ्या. पहिल्या सत्रात गणपती, युवा महोत्सव, दिवाळी. दुसऱ्यात स्नेहसंमेलन, एनएसएसचं निवासी शिबिर, क्रीडा स्पर्धा. १५ आठवडे कागदावर असतात, हाताला ११ लागतात. निदान दुसऱ्या आठवड्यात, दुसरं कार्य चौथ्या ते सातव्या, तिसरं नवव्या ते बाराव्या, आणि शेवटचं वर्गातलं लेखन (फक्त तुलनेसाठी, ते पुढे ‘नोंदी’त येईल) चौदाव्या आठवड्यात. आठवा आणि तेरावा मोकळे ठेवा. ते मोकळे राहत नाहीतच.

गुणतक्ता आणि एकमत

अंतर्गत गुणांपैकी लेखनाला २० मिळाले असं धरू. मुद्दा आणि मांडणी ७, आधार म्हणून दिलेली माहिती किंवा उदाहरणं ५, वाचकाचं भान ३, पुनर्लेखन ३, भाषेची शुद्धता २. शुद्धतेला दोनच का, असा प्रश्न विभागात हमखास उठतो. उत्तर असं की बाकीच्या १८ गुणांत वाक्य कळलं नाही तर ते तिथेही कापले जातातच. आणि शुद्धतेला १० दिले की मुलं छोटी, बिनधोक वाक्यं लिहितात आणि विचार करायचं टाळतात.

पुनर्लेखनाचे ३ गुण काढून टाकण्याचा मोह होईल. टाकू नका. दुसरा मसुदा हा पहिल्याचीच स्वच्छ प्रत असेल तर शून्य, सांगितलेला बदल केला असेल तर २, स्वतःहून काही हलवलं, गाळलं, वाढवलं असेल तर ३. पहिला मसुदा मागे टाचून द्यायला सांगा, तरच हे तपासता येतं.

दोन किंवा जास्त शिक्षक तपासणार असतील तर तपासणीआधी एक तासाची बैठक घ्या. पाच कागदांच्या झेरॉक्स काढा, नावं झाका, सगळ्यांनी न बोलता गुण द्यावेत, मग आकडे फळ्यावर लिहा. २० पैकी ३ गुणांपेक्षा जास्त फरक असलेल्या कागदावरच बोला. पहिल्यांदा ८ आणि १६ असे आकडे निघाले तर घाबरू नका. बहुधा एकाने हस्ताक्षर आणि शुद्धलेखन पाहिलेलं असतं, दुसऱ्याने मुद्दा. हा तास वाचवला तर सत्राच्या शेवटी मुलं दोन तुकड्यांचे कागद शेजारी ठेवून तुमच्या दारात उभी राहतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असतं.

शेरा लिहिण्याची रीत

लाल शाईने सगळा कागद रंगवणं हे कष्टाचं काम आहे आणि त्याचा उपयोग जवळजवळ नाही. मूल गुण बघतं आणि कागद दप्तरात जातो. पहिल्या मसुद्यावर एकच शेरा लिहा, तोही करता येईल असा. ‘मांडणी सुधारा’ हा शेरा नाही, ती तक्रार झाली. ‘तिसऱ्या परिच्छेदात खरा मुद्दा आला आहे, तो वर आणा आणि पहिला परिच्छेद गाळून बघा’ हा शेरा. पुढच्या वेळी काय हलवायचं ते कळलं पाहिजे.

शुद्धलेखनासाठी एकाच परिच्छेदात खुणा करा, बाकीचा मुलांनी स्वतः शोधायचा. १९६२ ला मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये ४ वाढले. हे १८ नियम पाठ करून घेण्याची गरज नाही. प्रथम वर्षाच्या कागदांत तीनच ठिकाणी मुख्य गळती असते. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: ‘कवी’, ‘वस्तू’, ‘की’; फक्त ‘आणि’ व ‘नि’ यांसारखे अपवाद. दुसरं, मूळ शब्दातलं शेवटून दुसरं दीर्घ ई-ऊ असलेलं अक्षर सामान्यरूपात बहुधा ऱ्हस्व होतं: गरीब पण गरिबाला, फूल पण फुलाला. तिसरं, अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार: ‘मुलाने’ पण ‘मुलांनी’, एका घरात पण चार घरांत. ही तीन सत्रभर धरलीत तरी पुरे.

एकमेकांचे कागद वाचायला देणं चांगलं, पण ‘वाचा आणि मत द्या’ म्हटलं तर सगळे ‘छान आहे’ लिहितात. मैत्रीत तेच होणार. मत मागू नका, काम द्या: लेखकाचा मुद्दा तुमच्या एका वाक्यात लिहा, जिथे दोनदा वाचावं लागलं तिथे रेघ मारा, एक प्रश्न विचारा. १५ मिनिटांत होतं. लेखकाला त्याचा मुद्दा मित्राने भलताच लिहिलेला दिसला की तुमच्या शेऱ्याची निम्मी गरज उरत नाही.

कागद की मोबाईल

पहिला मसुदा हाताने, वर्गात. दुसरा टाइप करून चालेल, पण युनिकोडमध्येच. गावातल्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेली फाइल तुमच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा खिचडा दिसतो, आणि तिच्यात शब्द शोधताही येत नाही. पत्रिकेवर एक ओळ ठेवा: मोबाईलचा मराठी कीबोर्ड किंवा इनस्क्रिप्ट (संगणकावरचा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड), फाइलचं नाव ‘रोल नंबर, कार्य दोन, मसुदा दोन’ अशा ठरावीक क्रमाने. ६० जणांनी ‘असाइनमेंट’ याच नावाने फाइल पाठवली की अर्धा दिवस नावं बदलण्यात जातो. बोलून टाइप करणाऱ्यांना विरामचिन्हं हाताने घालायला सांगा, नाहीतर अख्ख्या पानात पूर्णविराम सापडत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप सूचनांसाठी ठेवा, कागद स्वीकारायला नको.

उतरवलेलं आणि एआयने लिहिलेलं

वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम सगळे सांगतात: १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, मग १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या. पण ते नियम प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं यांना आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध, उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्ट वगळलेल्या आहेत. म्हणजे प्रथम वर्षाच्या लेखनासाठी महाविद्यालयाला आपला नियम लिहून काढावा लागतो. तो अर्ध्या पानाचा असावा आणि पत्रिकेमागे छापावा: काय चालतं, काय सांगून चालतं, काय चालत नाही, आणि सापडल्यावर पहिल्यांदा काय होईल.

‘हे एआयने लिहिलं आहे’ असं सांगणाऱ्या साधनांच्या आकड्यावर कोणाला शून्य देऊ नका. ती साधनं चुकतात, आणि स्वच्छ, साचेबद्ध लिहिणाऱ्या मेहनती मुलावरच अनेकदा बोट दाखवतात. संशय आला तर ३ मिनिटं बोलवा. ‘हा दुसरा मुद्दा तू कुठून घेतलास’, ‘हा शब्द इथे का’ एवढं विचारा. ज्याने लिहिलं आहे त्याला सांगता येतं, मोडकंतोडकं का होईना. शिवाय वर्गातला पहिला मसुदा तुमच्याकडे असतोच. त्याच्याशी काहीच नातं नसलेला दुसरा मसुदा आला तर पुनर्लेखनाचे गुण आपोआप जातात, आणि आरोप न करता प्रश्न मिटतो.

लेखन मदत कक्ष

दुसऱ्या वर्षी किंवा हात मोकळा असेल तेव्हा. जागा ग्रंथालयाच्या आत किंवा दाराशी असावी. मराठी विभागाच्या कपाटामागे ठेवलात तर विज्ञानाचा विद्यार्थी फिरकणार नाही. दोन टेबलं, चार खुर्च्या, एक शब्दकोश, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, एक नोंदवही. वेळ तासिकांच्या मधली: सकाळचं सत्र सुटताना आणि दुपारचं सुरू होताना. चारनंतर ठेवाल तर एसटीची मुलं गेलेली असतात.

मदतनीस म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे किंवा एमएचे चार ते सहा विद्यार्थी, वेगवेगळ्या शाखांचे. वर्गातला पहिला नंबर हा निकष नव्हे. ज्याला प्रश्न विचारून गप्प बसता येतं तो निवडा. त्यांच्या तासांचा मोबदला ‘कमवा व शिका’ योजनेत बसतो का ते विद्यार्थी विकास विभागाला विचारा. फुकट राबवलेला मदतनीस परीक्षेच्या महिन्यात गळतो. प्रशिक्षण दोन तासांच्या चार बैठकांचं: एकदा नमुना कागद मिळून वाचायचा, एकदा पेन खाली ठेवून बोलण्याचा सराव, एकदा वरचे तीन शुद्धलेखनाचे प्रकार, एकदा दुसऱ्याची बैठक पाहायची.

एक बैठक ३० मिनिटांची. पहिली ५ मिनिटं पत्रिका वाचायची आणि काय हवंय ते विचारायचं. पुढची १० विद्यार्थ्याने स्वतःचा मजकूर मोठ्याने वाचायचा. तुटलेली वाक्यं कानाला आधी कळतात. मग १० मिनिटं एकाच गोष्टीवर. शेवटची ५ घरी जाऊन काय करायचं ते त्याने स्वतः लिहायचं. पेन विद्यार्थ्याच्याच हातात, हा नियम मोडला की महिन्यात कक्षाचं शुद्धलेखन तपासणी केंद्र होतं. त्यानंतर वक्तृत्व स्पर्धेची भाषणं, निरोप समारंभाची सूत्रसंचालनं आणि संस्थेच्या अहवालाचं ‘जरा मराठी बघा’ अशी कामं येऊ लागतात. शेवटचं वरिष्ठांकडून येतं, म्हणून कक्ष काय करत नाही हे प्राचार्यांच्या सहीने दारावर लावून ठेवलेलं बरं.

‘कच्च्या मुलांना कक्षात पाठवा’ अशी सक्ती करू नका. दार शिक्षेचं वाटू लागतं. त्यापेक्षा एका कार्यासाठी सगळ्या वर्गाला एक भेट ठेवा, नंतर ज्याला यायचं तो येतो. नोंदवहीत तारीख, शाखा, कोणतं कार्य, कोणता टप्पा, कशावर बोललो, एवढंच. कोण आलं होतं ते विषयशिक्षकाला परस्पर सांगायचं नाही.

माणसं

लेखनाच्या तासिका हमखास सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) प्राध्यापकांकडे जातात. त्यांना तासिकेचे पैसे मिळतात, घरी तपासलेल्या गठ्ठ्याचे नाही. तुमचं सगळं गणित त्यांच्या फुकट तासांवर उभं असेल तर ते अन्यायाचं आहे आणि टिकणारंही नाही. नोव्हेंबरात त्यांची नेमणूक बदलली की सगळं परत शून्यावर. पत्रिका, गुणतक्ते, नमुना कागद तयार करून द्या, पहिल्या मसुद्याची तपासणी तासिकेतच करू द्या (मुलं लिहीत असताना एकेकाच्या बाकापाशी जाऊन तोंडी शेरा देता येतो), आणि वर्कलोडमध्ये जेवढं दाखवता येईल तेवढं लेखी दाखवा.

इतर विभागांचे प्राध्यापक म्हणतील, ‘आम्ही भाषेचे नाही.’ बरोबर आहे. त्यांना शुद्धलेखन तपासायला सांगूच नका. रसायनशास्त्राच्या बाईंना निष्कर्ष निरीक्षणावरून निघतो का तेवढं बघू दे, अर्थशास्त्राच्या सरांना आकडा आणि विधान जुळतं का ते. एका विभागातली एकच व्यक्ती तयार झाली तरी सुरुवात होते. विभागप्रमुखांच्या बैठकीत ठराव करून मिळवलेली संमती मात्र कागदावरच राहते.

नोंदी

आयक्यूएसीला छायाचित्रं आणि हजेरीपट लागतील, ते द्या. स्वतःसाठी वेगळं ठेवा. निदानाचं लेखन आणि चौदाव्या आठवड्यातलं लेखन यांतून त्याच २० रोल नंबरांचे कागद काढा, रोल नंबर आणि तारीख झाका, ४० कागद पत्त्यांसारखे पिसा आणि उपक्रमात नसलेल्या दोन सहकाऱ्यांना गुणतक्त्याने गुण द्यायला सांगा. पुनर्लेखनाचे ३ गुण इथे वगळा, दोन्ही लेखनं एकाच मसुद्याची असतात. दोन्ही वेळची लांबी आणि वेळ सारखी हवी, दोन्ही वर्गात लिहिलेली हवीत, नाहीतर तुलना निरर्थक. मुद्द्याच्या रकान्यात फरक पडला आणि शुद्धतेच्या रकान्यात नाही, असं पहिल्या वर्षी बहुधा दिसतं. ते चांगलंच आहे. फरक कुठेच दिसला नाही तर आधी पाहा की दुसऱ्या मसुद्यांपैकी किती खरोखर वेगळे होते.

एप्रिलमध्ये सगळं एका खोक्यात भरा: तिन्ही पत्रिका, गुणतक्ता, एकमताच्या बैठकीचे पाच कागद गुणांसकट, कोणत्या आठवड्यात काय कोलमडलं त्याचं एक पानी टिपण, आणि प्रत्येक गठ्ठ्याला प्रत्यक्षात लागलेले तास. मुलांचे कागद द्यायचे असतील तर त्यांची लेखी परवानगी घेऊन, नावं काढून. पुढच्या जूनमध्ये समन्वयकाच्या कागदावर तुमचं नाव नसलं तर खोकं नव्या समन्वयकाच्या टेबलावर ठेवा, तासांचं पान सगळ्यात वर.